डाव्या हाताने केलेली सर्व कामे

धुलाईच्या त्या कारखान्यात तिला सारे कडकताई म्हणत. ती डावखुरी होती. तिचा डावा हात ओल्या कापडावरून फिरू लागला की सुरकुत्या जणू ओशाळून निघून जात. रुग्णालयांच्या चादरी, परिचारिकांचे कोट, भोजनगृहांचे मेजपोश, असे किती वस्त्रसंभार त्या हाताखालून गेले असतील, ते तिलाच ठाऊक.

वाफेच्या यंत्राच्या दोन तापलेल्या पाट्यांमध्ये कापड सरकवायचे आणि वरची पाटी खाली आणायची, असे तिचे काम. हात आत राहू नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असे. जाळी उघडण्या-मिटण्यात वेळ जातो, म्हणून मालकांनी ती काढवली. आणि एका दुपारी कडकताईचा डावा हात पाटीखाली सापडला. बोटे राहिली, त्यांतले बळ गेले.

तिने दावा लावला. मागणी अर्थातच भरपाईची होती. परंतु तिचे खरे शल्य निराळे होते. मालकांनी लेखी सांगितले होते, ‘त्या यंत्राला जाळी कधीच नव्हती, बाईच गाफील होती.’ उभा जन्म नीटनेटकेपणात घालवलेल्या स्त्रीला गाफील हा शब्द भाजण्याहून अधिक झोंबला.

सुनावणीपूर्वी एका पक्षाने दुसऱ्यास प्रश्न विचारावेत, कागद मागावेत, ही न्यायव्यवस्थेतील मोठी उदात्त सोय आहे. अंधारात काठ्या चालवण्यापेक्षा दिवा लावून बोलावे, हा तिचा हेतू. परंतु जुन्या नैयायिकांनी वाद आणि वितंडा यांत भेद केला तो उगाच नव्हे. तत्त्व कळावे म्हणून विचारणारा निराळा, आणि समोरचा दमून उठून जावा म्हणून विचारणारा निराळा. कारखान्याच्या वकिलांनी प्रश्नांचे जे बाड धाडले, ते उचलतानाच त्याची जात कळत होती.

कडकताईची वकीलबाई चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एका खोलीत बसे. खळीचा वास जिन्यातून वर येई. ती म्हणाली, “ताई, हा निव्वळ छळ आहे. मी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, आधी उत्तरं येऊ देत, मग पाहू. ठरल्या तारखेला उत्तरं गेली नाहीत, तर दावाच रद्द होईल.”

“मग देऊ की उत्तरं.”

“अहो, वाचा तरी. ‘जन्मापासून आजवर डाव्या हाताने केलेली सर्व कामे तपशीलवार नमूद करावीत.’ याला कोण उत्तर देतं? आणि पुढच्या तारखेला दुसरा, ‘आजवर कधी, कुठे भाजले ते सर्व सांगावे.’”

“विचारलंय ना त्यांनी?” कडकताई शांतपणे म्हणाली. “विचारल्यावर सांगायला नको?”

हा प्रश्न उत्तरासाठी नसून थकवण्यासाठी आहे, ही गोष्ट तिच्या मनाला शिवलीच नाही. पुसलेल्या प्रश्नाला पुरते उत्तर द्यावे, अशीच तिची घडण.

लिहिता हात गेलेला. म्हणून लेखणी धाकट्या बहिणीकडे आली. ती विधवा झाल्यापासून ताईकडेच राहत असे. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

“इस्त्री आणि घरकाम, एवढं लिहून मोकळी होऊ या ना, ताई.”

“सगळी कामं म्हटलंय. लिही. वेण्या घालणे. तुझ्या.”

“कपाळ माझं! उद्या विचारतील, कुणाला चापट मारली का?”

“मारली की. तुलाच. माझी रिबन घेऊन पळालीस तेव्हा.”

“तेही लिहू?”

“शपथेवर आहे बाई. लिही.”

धाकटी हसत हसत लिहीत गेली. पाळणा हलवणे. ताप पाहणे. कॉलर आधी आतून, मग बाहेरून दाबणे. जाळी रोज काम सुटताना पुसणे. मग ताई थांबली आणि हळूच म्हणाली, “ह्यांच्या शेवटच्या शर्टाला इस्त्री करणे.” धाकटीने मान वर केली नाही. तेवढी ओळ लिहून विचारले, “पुढे?”

“पुढे जाळी काढली. कारखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीला टेकून ठेवली. तिच्यावर ओले अॅप्रन वाळत घालणे. तेही डाव्याच हाताने.”

ठरल्या तारखेला पहिली उत्तरे दाखल झाली. न्यायाधीशांनी ती न्यायासनावर बसल्याबसल्याच वाचावयास घेतली. आरंभी त्यांच्या मुद्रेवर स्मित होते. मग चष्मा काढून त्यांनी तो पुसला आणि पुन्हा वाचू लागले.

“वकीलसाहेब,” ते कारखान्याच्या वकिलांना म्हणाले, “यांनी बहिणीच्या वेण्या घातल्या, याचा तुमच्या बचावाला काय उपयोग?”

“साहेब, एकंदर चित्र स्पष्ट व्हावं, एवढाच हेतू.”

“झालं की स्पष्ट. ही जाळी कुठली? तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती नव्हतीच ना?”

वकिलांनी कागद चाळले. तेवढी पाने त्यांच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती. उत्तर येणारच नाही अशा भरवशावर विचारलेला प्रश्न तो!

“बाई, हे एवढं सगळं का लिहिलंत?” न्यायाधीशांनी कडकताईला विचारले.

“त्यांनी विचारलं म्हणून, साहेब. माझं एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं.”

न्यायालयाने उरलेले सारे प्रश्न रद्द ठरवले, छळासाठी विचारणा केल्याबद्दल कारखान्यास कठोर शब्दांत समज दिली आणि त्याच दिवशी जागेच्या पाहणीचा हुकूम काढला. मागच्या खोलीत खिडकीला टेकून जाळी उभी होती. तिच्यावर कुणाचे तरी अॅप्रन वाळत होते. पुढे दाव्याचा निकाल लागावयाचा होता, परंतु ‘जाळी नव्हती’ हे विधान मालकांना लेखी मागे घ्यावे लागले, आणि त्याबरोबर गाफील हा शब्दही.

त्या संध्याकाळी धाकटीने प्रश्नांचे बाड फडताळाच्या माथ्यावर टाकले. “सुटलो एकदाचे! आता एक ओळ लिहायची नाही.”

कडकताई उजव्या हाताने बशी पुसत होती. अजून तिला ते सफाईने जमत नव्हते. ती म्हणाली, “भाजल्याचा प्रश्न राहूनच गेला गं. तो बरा होता.”