मडावी काकाजींचं उठणं

जिममध्ये स्क्वॉटच्या उठाबशीला बसण्याआधी मडावी काकाजी न चुकता उजव्या खांद्यावरून एकदा मागे बघून घेत. मागे नुसती भिंत असे. पण जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस. विचारलं तर म्हणत, "मागं पाह्यल्याबिगर मी गाडी हालवत नाही."

देवरीत हायवेला लागून असलेल्या जिममध्ये मी ट्रेनर आहे. सकाळी येतात ती बहुतेक पोलीस भरतीची पोरं. त्यांच्यात एक दिवस इस्त्रीचा शर्ट घातलेले, पांढऱ्या मिशांचे काकाजी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, मले खाली बसून उठाचं शिकवा."

कारण त्यांनी स्वतःच सांगितलं. कचारगडला डोंगरातल्या गुहेत गोंडांच्या देवाची जत्रा भरते, तिला ते लहानपणापासून जात. त्या वर्षी गुहेकडे चढताना अर्ध्या वाटेत एका दगडावर टेकले आणि पुन्हा उठताच येईना. "दोन अनोळखी पोट्ट्यांनी बगलेत हात घालून उचललं मले. धानाच्या पोत्यावानी. वर न जाता वापस आलो." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

डॉक्टरांनी गुडघे झिजलेत, पण व्यायामाला हरकत नाही, असं सांगितलं होतं. मी त्यांना स्क्वॉटच्या मशीनपाशी नेलं. त्यात पाठीला गादी असते, वजन ठरलेल्या रुळांवरून वर-खाली होतं, तोल जायची भीती नाही. काकाजींनी गादी दाबून बघितली. "डोंगराले अशी गादी हाय का? मंग ह्याच्यात कायले बसू?" त्यांना रॅकवरचा मोकळा लोखंडी बार हवा होता. बार दिला नाही, हातात नुसती काठी दिली. ते खाली गेले आणि मागच्या मागे जमिनीवर बसले. लागलं नाही, पण पोरं हसली. काकाजी काठी ठेवून निघून गेले.

आता येणार नाहीत, असं मी धरून चालले होते. दोन-तीन दिवसांनी आले. "दाखव तुही मशीन," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'बेटा' झाले.

मशीनवर त्यांच्या मांड्यांत जोर आला. वजन वाढत गेलं, हसणारी पोरं वाट द्यायला लागली. मला वाटलं, पुढच्या जत्रेपर्यंत हेच चालू ठेवावं. रायपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचाही फोन आला, "मॅडम, बाबांना मशीनवरच ठेवा. पडले तर इथून मी काय करणार?" त्याचं चूक नव्हतं. मी काकाजींना तसं सांगितलं तर ते भडकले.

"गाडी गॅरेजात उभी ठेवून ड्रायव्हर तयार होते का? जोर आला, पण जोर सांभाळाचा कोणी? मशीन सांभाळून राहिली, मी नाही."

रात्रभर विचार केला. पडले तर जबाबदारी माझी होती. सकाळी मी त्यांच्या मागे एक बाक ठेवला आणि म्हटलं, "काकाजी, मोकळं बसा. बाकाला टेकलं की उठायचं." पाय थरथरले, पण उठले. पुढे छातीशी डंबेल धरून, मग बाक काढून. हिवाळा सरताना खांद्यावर रिकामा बार आला. मशीनही सोडलं नाही. गुडघा दुखला की स्वतःच तिकडे वळत. "आज घाट नाही, सरळ रोड," म्हणत.

माघात ते जत्रेला गेले. परतल्यावर जिममध्ये आले, खिशातून प्रसादाचा नारळाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "गेलो वर," म्हणाले. "कोणाचा हात नाही धरला. उतरताना मात्र लय भ्यालो." आणि लगेच बाराखाली जाऊन उभे राहिले. आता कशासाठी, असं मी विचारलं. "आता मले बरं वाटून राह्यलं, म्हणून."

पुढच्या पावसाळ्यात ते यायचे बंद झाले. पोटात गाठ निघाली होती आणि ती पसरली होती. मी घरी गेले तेव्हा खाटेच्या कडेला बसलेले काकाजी ओळखू येत नव्हते. गालफडं आत गेलेली, शर्ट खांद्यावर लोंबत होता. त्यांनी जिमचं विचारलं, भरतीत कोण लागलं ते विचारलं. मी निघाले तशी रायपूरहून मुलाबरोबर आलेली सून त्यांना धरायला पुढे झाली. त्यांनी हातानेच तिला थांबवलं. पावलं रुंद ठेवली, छाती जरा पुढे घेतली, श्वास धरला आणि उठले. वेळ लागला. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. भिंतीच्या आधाराने ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि माझी गाडी सुरू होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

आठवडाभरात ते गेले. मुलगा नंतर जिममध्ये भेटायला आला होता. म्हणाला, "जायच्या आदल्या सकाळीसुद्धा बाथरूमला स्वतः उठून गेले. मी हात द्यायला गेलो तर म्हणाले, सरक बाजूले."