व्हिडिओत झाकण नव्हतं

हळद पॉलिश करायच्या ड्रमचे गिअर कसे फिरतात, हे समजावायला मी ॲनिमेशन केलं होतं. आतलं दिसावं म्हणून त्यात गिअरवरचं झाकण दाखवलं नव्हतं.

आज वसमतला गेले, तर खरा ड्रमही झाकणाशिवाय फिरत होता. हळद भरणाऱ्या मावशींचा पदर गिअरपासून वीतभर लांब होता. हाक मारली तर त्या वळतील, म्हणून गप्प राहून आधी स्विच बंद केला.

"काहून बंद केलं, ताई? तुमच्याच व्हिडिओत झाकण न्हाई. आमी बराबर तसंच केलं की."

तो व्हिडिओ किती फोनवर गेलाय, मला माहीत नाही. तुमच्याकडे आला असेल, तर आत्ता जाऊन बघाल का, झाकण जागेवर आहे ना?