आल्प्सच्या आधी चिखलदरा

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही अमरावतीहून निघालो, तेव्हा गाडीच्या डिकीत एक नवा तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची छोटी शेगडी आणि अर्धं पोतं गोवऱ्या होत्या. तंबू ऑस्ट्रियासाठी घेतलेला होता. गोवऱ्या आईने अकोल्याहून आणल्या होत्या.

माझा धाकटा भाऊ मंगेश ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला नोकरी करतो. त्याचं घर एका खोलीचं आहे. उन्हाळ्यात तो सुट्टी काढून आल्प्समधल्या एका दरीत तंबू लावून राहतो. समोर बर्फाची शिखरं, खाली नदी, आणि कुरणाच्या एका टोकाला सगळ्यांसाठी मिळून न्हाणीघर. येत्या जुलैत आम्ही सगळ्यांनी तिथे यावं, असं त्याने सुचवलं. माझा नवरा प्रशांत आणि मुलगी सई लगेच तयार झाले. प्रश्न आईचा होता. तिने मंगेशला बऱ्याच दिवसांत प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

आईचं अकोल्याजवळ शेवंती आणि झेंडूचं वावर (शेत) आहे. आयुष्यभर उकिडवं बसून तिने फुलं तोडली. आता गुडघे वाकत नाहीत. ती खाटेवर झोपते, खुर्चीवर बसून जेवते. मंगेशचा तंबू बुटका. त्यात घडीची खाट बसत नाही. तो फोनवर स्पष्ट बोलला होता, “ताई, तिला जमिनीवरून एकटीने उठता आलं पाहिजे. न्हाणीघर लांब आहे. दर वेळी कोणाला हाक मारायची? त्यात तिचेच हाल होतील.” म्हणून त्याच्या तंबूच्या मापाचा तंबू आणून चिखलदऱ्याच्या थंडीत दोन रात्री राहून पाहायचं ठरलं.

आईपासून आम्ही काही लपवलं नव्हतं. गाडीत बसताना ती म्हणाली, “परीक्षा हाय म्हना माही. पास झाली त पोरगं दिसन, नापास झाली त मोबाइलात पाहा.”

परतवाड्याला चहासाठी थांबलो. डिकी उघडी होती. चहावाल्याने तंबूच्या दांड्या पाहून विचारलं, “मंडप कोनाच्या घरी हाय, काकू?”

“माह्या पोराच्या,” आई म्हणाली. “पन त्याचं घर लय दूर हाय बाप्पा. आधी चिखलदऱ्याले लावून पाहतो.”

चहावाल्याने मान डोलावली. पेल्यात चहा काठोकाठ ओतला.

परतवाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे आणि उभी तूर होती. घाट लागला तसा साग सुरू झाला आणि सईने काच वर केली. चिखलदऱ्याच्या थोडं अलीकडे दादाराव यांचं शेत आहे. ते गवळी. घरी म्हशी आहेत, खवा करतात आणि अलीकडे स्ट्रॉबेरीही लावतात. सपाट तेवढी सगळी जमीन स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांखाली होती. तंबूसाठी त्यांनी गोठ्यामागची गवताळ पट्टी दिली. पट्टी अरुंद होती, दोन्ही बाजूंना दगड होते आणि ती दक्षिणेकडे उतरत होती. उतार डोळ्यांना फारसा जाणवत नव्हता.

मंगेशने सूचना दिली होती: डोकं चढाकडे, पाय उताराकडे. चढ उत्तरेला होता. प्रशांत उशा त्या बाजूला मांडू लागला, तशी आई ओरडली, “जावईबापू, उत्तरेले उशी? तिरडीवरचं मानूस हाय का कोनी?”

तिच्याशी कोणी वाद घातला नाही. आमच्याही घरात उत्तरेकडे डोकं करून कोणी झोपत नाही. कोणी चुकून झोपलंच तर त्याला उठवतात. प्रशांतने मुकाट्याने उशा दक्षिणेला नेल्या. मीही हो म्हटलं. चढ-उताराची सूचना आम्ही दोघांनी वाचली होती, आणि दोघांनीही तिच्याविरुद्ध वागायचं ठरवलं.

गॅसच्या शेगडीने संध्याकाळी दगा दिला. वाऱ्यात ज्योत टिकेना, वरण शिजेना. मंगेशच्या कुरणात उघडा विस्तव चालत नाही, म्हणून आम्ही शेगडीचाच हट्ट धरला होता. आईने थोडा वेळ वाट पाहिली, मग गोवऱ्यांचं पोतं ओढलं. दादारावांच्या बायकोने, शांताबाईंनी, वांगी चिरून दिली. गोवऱ्यांच्या आरात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजले, तूप ओतून कुस्करले आणि वांग्याच्या भाजीशी खाल्ले.

“तिकडं गोवऱ्या भेटत नाईत?” शांताबाईंनी विचारलं.

“गायी हायेत म्हनते,” आई म्हणाली. “मंग शेनाचं काय करतेत कोनास ठाऊक.”

उजाडलं तेव्हा आम्ही चौघं तंबूच्या दक्षिणेच्या भिंतीशी एकमेकांवर गोळा झालो होतो. रात्रभर इंचाइंचाने घसरलो होतो. माझं डोकं जड झालं होतं, सईचे पाय प्रशांतच्या पोटावर होते. आई कधीची जागी होती. तिने कूस बदलून हातांवर भार घेतला. पण डोकं उताराला असल्यामुळे हात खाली आणि गुडघे वर, अशी तिची अवस्था झाली. तिने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली, “धरा मले.” प्रशांतने आणि मी तिला काखेत हात घालून बाहेर काढलं.

चहा होईपर्यंत ती गोठ्याजवळच्या बाजेवर बसून राहिली. मग म्हणाली, “मंगेशले सांगून टाक, म्हातारी येत नाई.”

“एकाच रात्रीत?”

“एकच लागते, माय.”

दिवसभर आम्ही ठरल्याप्रमाणे फिरलो. पंचबोल पॉइंटवर सईने पाच वेळा हाका मारल्या आणि प्रत्येक हाकेचे प्रतिध्वनी मोजले. गाविलगडाच्या वाटेवर ती आणि प्रशांत पुढे गेले. आई गाडीतच थांबली. स्ट्रॉबेरीचं एक खोकं घेतलं. आईने एक फळ खाल्लं आणि आंबट आहे म्हणून खोकं सईकडे दिलं. प्रशांतने तंबू आडवा लावण्याचा विषय काढला. दगडांमुळे ते शक्य नव्हतं, आणि आडवं झोपल्यावर सगळे एका अंगावर घरंगळले असते. मी मंगेशला फोन केला नाही. संध्याकाळी करू, असं ठरवलं.

परतलो तेव्हा उन्हं अजून गोठ्याच्या पत्र्यावर होती. आईने सईला विचारलं, “काल उशा इकडं नसत्या ठेवल्या त काय झालं असतं?”

“घसरलो नसतो. आणि आजी, तू उठली असतीस.”

“हे तुले कोन सांगतलं?”

“कोणी नाही. तू हात खाली टेकवत होतीस. वर टेकवले असतेस तर कमी वाकावं लागलं असतं.”

आईने एकदा उताराकडे पाहिलं. मग चपला काढून तंबूत शिरली आणि आतून म्हणाली, “कोनी येऊ नका. कोनी हात लावू नका.”

आम्ही बाहेर उभे राहिलो. शांताबाई दुधाची कासंडी (दूध काढायचं भांडं) हातात घेऊन थांबल्या. आत उशी सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. नंतर तंबूचं कापड हललं, एक दांडी वाकली. प्रशांत पुढे झाला; मी त्याचा हात धरला. आत आई कण्हली, आपल्याच गुडघ्यांना एक शिवी दिली, आणि दाराची चेन आतून वर सरकली. आधी हात बाहेर आले, मग डोकं. केस विस्कटले होते, पदर खांद्यावरून घसरला होता. दाराशी एक दगड होता. त्यावर तळहात टेकवून ती उभी राहिली.

“काकू, उत्तरेले डोकं केलं का?” शांताबाईंनी विचारलं.

“केलं.”

“मंग पाय यमाकडं झाले ना जी.”

“होऊ दे. जवळ आला त लाथ बसन त्याले,” आई म्हणाली आणि पदर सारखा केला. “मले माह्या पोराले पाहायचं हाय.”

त्या रात्री आम्ही सगळे उत्तरेकडे उशा करून झोपलो. प्रशांतने झोपण्यापूर्वी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी उशी सरकवली नाही. पहाटे आई एकटी उठून बाहेर गेली आणि एकटीच आत आली. मी जागी होते. तिला एकदा दांडी धरावी लागली, एकदा थांबावं लागलं. तिने कोणाला हाक मारली नाही.

 सोमवारी सकाळी तंबू मोडला. दादारावांनी खव्याचा एक गोळा पळसाच्या पानांत बांधून दिला. घाट उतरताना आईने मंगेशला फोन लावायला सांगितला. मी गाडीचा स्पीकर सुरू केला.

“काय झालं, आई?” त्याने विचारलं. त्याच्याकडे अजून उजाडलेलं नसावं. आवाज झोपेचा होता.

“उठली मी.”

पलीकडून पांघरूण सरकल्याचा आवाज आला.

“आयकून राहिला का? एकटी उठली. गुडघे दुखले, पन उठली. सपाट जागा नको पाहू माह्यासाठी, उताराची पाह्य. अन् थंडीत मले सात वाजेच्या आत उठवाचं नाई.”

“बरं,” मंगेश म्हणाला. पुन्हा एकदा “बरं” म्हणाला आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

“सर्दी झाली काय तुले?”

“हो आई. सर्दी.”

परदेशातल्या प्रवासाची तयारी म्हणजे व्हिसा, तिकिटं आणि गरम कपडे, असं मी शनिवारी सकाळपर्यंत समजत होते. ती सगळी कामं अजून बाकी आहेत. पण त्या सहलीला कोण जाणार, हा प्रश्न उरलेला नाही, आणि तो चिखलदऱ्याच्या एका गवताळ उतारावर सुटला.

आईला आम्ही त्याच दिवशी अकोल्याला सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तिने खाट भिंतीला उभी केली आहे आणि ती सतरंजीवर झोपते. जुलैपर्यंत सवय व्हायला हवी, म्हणते. घरात फरशी सपाट आहे, म्हणून तिथे उशी दक्षिणेलाच असते. रोज सकाळी उठल्यावर ती मंगेशला एक शब्द पाठवते. तो शब्द सई तिला मोबाइलवर लिहायला शिकवून आली आहे: उठली.