जर्सी सिटीतली खरवड

अंगात येणं, भूत दिसणं... असलं काही कानावर आलं की सगळ्यात आधी हसणारी मी. केमिस्ट्रीची एम.एस्सी., त्यात स्वभाव खवट. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण घडलं ते घडलं!

चौऱ्याऐंशीचा हिवाळा, जर्सी सिटी. मला तिसरा महिना होता आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आधीचं एक बाळ राहिलं नव्हतं. आता डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरलं तर याही बाळाला धोका आहे, सोमवारी ॲडमिट व्हा.

डोहाळे विचारणार कोण? आई आदल्याच वर्षी गेली होती. मला हवी होती फक्त भाताची खरवड — पातेल्याच्या बुडाला लागलेली, करकरीत. घरी सगळा कुकरचा भात, त्याला कुठली खरवड! हे मी कुणालाच बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा. लहानपणी मी पातेलं खरवडायला बसले की आई उलथनं उगारायची, "भवाने, लग्नात पाऊस पडेल!"

शनिवारी दुपारी माझा नवरा श्रीकांत वैतागला. "चल यार, खाली जाऊ. खाऊ नकोस, नुसती बस."

खाली दोन्या लूस या बाईचं प्वेर्तो रिकन हॉटेल होतं. मोजकी टेबलं, त्यांवर प्लॅस्टिक, काउंटरवर रेडिओ. श्रीकांत तिथला नेहमीचा. मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते, कारण त्यांच्या बीन्समध्ये हॅम!

आम्ही टेकतो न टेकतो तोच दोन्या लूस आतून आली — ठेंगणी, गोल, घामाघूम. ऑर्डर दिलीच नव्हती, तरी तिने माझ्यापुढे बशी आदळली. बशीत खरवड! वर ती स्पॅनिशमध्ये तडातडा बोलायला लागली. तिची सून मिर्ना, सासूला 'मामी' म्हणणारी, ते इंग्लिशमध्ये सांगत होती.

"मामी म्हणते, तुमच्यामागे उभी आहे ना, ती बाई सकाळपासून किचनमध्ये कटकट करतेय. पातेल्याला कुणाला हात लावू देत नाही."

मी गर्रकन मागे वळले. भिंत आणि कॅलेंडर.

"कुठली बाई? कुठल्या भाषेत बोलते?" श्रीकांतने विचारलं. दोन्या लूसने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मिर्ना अडखळली. "आणि ती म्हणते... आता खा खुशाल. लग्न झालंय, पावसाची भीती नाही." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "व्हॉट रेन? बाहेर तर स्नो पडतोय!"

मला हुंदकाच फुटला. आई गं... दोन्या लूसने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडत रडत, कराकरा चावत बशी संपवली. आणि ते पोटात ठरलं! पुढे लेक होईपर्यंत दोन्या लूस माझ्यासाठी खरवड राखून ठेवायची. ती बाई मात्र तिला पुन्हा दिसली नाही.

श्रीकांत म्हणतो, खरवड त्यांच्याकडेही आवडीने खातात आणि गरोदर बाई चेहऱ्यावरून कळते. मान्य. पण पाऊस? मिर्नाला विचारलं, त्यांच्यात असं काही म्हणत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं. लॉनवर ऐन मंगलाष्टकांत धो धो पाऊस! पाहुणे सैरावैरा पळाले, आणि मी भिजत खदाखदा हसत होते.

"मॉम, व्हाय आर यू लाफिंग?" लेक ओरडली.

काय सांगणार? आई, तू एवढी लांब आलीस, पण एक विसरलीस गं. ती खरवड मी एकटी खात नव्हते!