बाकावरचा गोलकीपर

"तयार असावं लागतंय, काकू," असं म्हणत तो जर्सी काउंटरवर ठेवायचा. बाकीचे खेळाडू कपडे लांबून भिरकावतात. हा घडी करून ठेवायचा. आणि जर्सी बघावी तर कोरी करकरीत. कॉलरला मळ नाही, कोपराला माती नाही. मी मुद्दाम म्हणायची, "ह्यातलं काय धुऊ मी?" तो हसून म्हणायचा, "धुवा हो. तयार असावं लागतंय."

भुकूमला पौड रस्त्याला लागून आमची लॉन्ड्री आहे. पूर्वी तिथं आमची भातखाचरं होती. खाचरांवर बारा मजली इमारती आल्या आणि आमच्या वाट्याला रस्त्याकडेचा एक गाळा, दोन मोठी मशीन आणि जगाचे मळके कपडे आले. तक्रार नाही, पोट भरतंय. चार वर्षांपूर्वी एका फुटबॉल क्लबनं त्या इमारतींत खेळाडूंसाठी फ्लॅट भाड्यानं घेतले, भरे गावाकडे सरावाचं मैदान केलं, आणि त्यांचे कपडे आमच्याकडे यायला लागले.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण कपडे कळतात. मॅचनंतर पोती उघडली की कोण किती खेळलं हे मी दुकानात बसून सांगते. गुडघ्यावर हिरवा डाग असला की पोरगं घसरून घसरून खेळलंय. बाही फाटलेली असली की भांडलंय. मी तिथल्या तिथं तीन ढीग करते: मातीचे, घामाचे, आणि नुसत्या इस्त्रीचे. त्याची एकतीस नंबरची जर्सी दर वेळी तिसऱ्या ढिगात जायची. उगाच पाणी आणि पावडर कशाला घालवा?

एक दिवस तो स्वतःच दुकानात आला. उंच, हडकुळा, हाताचे पंजे सुपाएवढे. जर्सी पुढं धरून म्हणाला, "काकू, ही धुतली न्हाईसा."

माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्हाला पुढंही कळेलच. मी म्हटलं, "मळली कुटं हुती? खेळला असतास तर धुतली असती."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती फिदीफिदी हसली. तो नाही हसला, चिडलाही नाही. म्हणाला, "बाकावर बसून बी घाम येतोय, काकू. खेळणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त येतोय." मी जर्सी नाकाशी धरली. खरंच घामाचा वास होता. इतकी वर्षं हाच धंदा करून मला तो कळला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तो जर्सी स्वतः आणून द्यायला लागला आणि मी ती हातानं धुवायला लागले.

तो कोल्हापूरचा. तिकडे तालमींच्या फुटबॉल टीम असतात, पेठापेठांत ईर्ष्या असते, हे ऐकून आमचे हे हबकलेच. आमच्या मुळशीत तालीम म्हटली की लाल माती आणि लंगोट. एकोणिसाव्या वर्षी त्याला मोठ्या क्लबनं उचललं आणि चौथ्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वर्षभर घरी. मग दुसरा क्लब मिळाला, तो क्लबच बंद पडला. मग तिसरा, तिथं खांदा निखळला. आमच्याकडे आला तेव्हा अठ्ठावीस पुरी झाली होती आणि तो इथं दुसऱ्या नंबरचा गोलकीपर होता.

दुसऱ्या नंबरचा म्हणजे काय, ते त्यानंच मला समजावलं. बाकीचे दमले की बदलतात. गोलकीपर एकच, आणि तो सहसा बदलत नाही. पहिल्याला काही झालं तरच दुसऱ्याची पाळी. करार मे महिन्यापर्यंतचा. वर्षात एक तरी मॅच खेळला तर दुसरा क्लब विचारतो. एकही मॅच न खेळलेल्या गोलकीपरला कोण घरात घेणार? ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मॅचच्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून तालमीतल्या मंडळींचा फोन यायचा, आज हाय काय म्हणून. हा सांगायचा, "फुडल्या वेळी."

पहिला गोलकीपर त्याचा दोस्तच होता. दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहायचे. मी एकदा विचारलंच, "त्याला कायतरी व्हावं, पाय मुरगळावा, आसं वाटत न्हाई तुला?"

"वाटतंय की, काकू. खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "तसं वाटलं की मी त्याला धा शॉट जादा मारतोय. तेवढाच त्याचा सराव हुतोय. मग जातंय मनातनं."



लॉन्ड्रीच्या मागं आमचा जुना गोठा आहे. गुरं गेली, पण भिंत उभी आहे, ओबडधोबड दगडांची. एके दिवशी संध्याकाळी धप धप आवाज यायला लागला. जाऊन बघते तर हा भिंतीवर बॉल मारतोय आणि परत येईल तसा धरतोय. मी म्हटलं, "आरं, तुमच्या मैदानावर काय भिंती न्हाईत?" तर म्हणाला, "हायेत की, पण सपाट. ह्या दगडांवरनं बॉल कुटं उडंल ते कळत न्हाई. लई झ्याक भिंत हाय तुमची." आमच्या ह्यांनी ती भिंत गिलावा करून भाड्याच्या खोल्यांसाठी वापरायचं ठरवलं होतं. त्यानं इतक्या काकुळतीनं नको म्हटलं की हे म्हणाले, राहू दे, एवढं वर्ष जाऊ दे. त्या भिंतीचं कौतुक करणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. रोज सहा वाजले की धप धप सुरू व्हायचं आणि मला बाहेर न बघता वेळ कळायची.

आता आमच्या ह्यांचा प्रताप सांगते. जत्रेत आमच्या गावात कुस्त्यांचं मैदान भरतं, आणि मैदानात नामांकित खेळाडूचा सत्कार करायची पद्धत आहे. ह्यांनी परस्पर सरपंचांना सांगितलं, आपल्या गावात एक मोठा फुटबॉलवाला राहतो. झालं! त्याला बोलावणं गेलं. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आला. फेटा बांधला, हातात नारळ दिला. पुढं बसलेले, कुस्ती खेळून खेळून कान चेचलेले म्हातारे पैलवान त्याचे कान बघत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ह्याचं कान तर सरळच हायेत. कसला खेळाडू ह्यो?"

माइकवाल्यानं घसा खाकरून "आपल्या भुकूमचे सुपुत्र" अशी सुरुवात केली आणि विचारलं, "सांगा पैलवान, यंदा किती गोल मारलं?"

"मी मारत न्हाई. अडवतोय," तो म्हणाला.

"बरं, मग किती अडवलं?"

मी बायकांत बसले होते. काहीतरी थाप मार, वीस म्हण, पंचवीस म्हण, इथं कोण मोजायला गेलंय, असं मनातल्या मनात ओरडत होते. त्यानं माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "यंदा अजून एक बी न्हाई. मला खेळवलंच न्हाई अजून."

मैदानभर हशा पिकला. माइकवाल्यानं घाईघाईनं पुढची कुस्ती पुकारली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरी आल्यावर मी ह्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हा मात्र ओट्यावर बसून नारळ फोडून खोबरं खात होता. म्हणाला, "काकांना बोलू नका. फेटा काय झ्याक बांधलाय बघा, काढू वाटंना." रात्रीच्या जेवणाला तो फेट्यातच बसला.

एप्रिल लागला आणि एका मॅचमध्ये पहिल्या गोलकीपरचा घोटा मुरगळला. बुधवारी कोचनं ह्याला सांगितलं, शनिवारी तू खेळतोयस. धावत आला माझ्याकडं. मी डब्यातली साखर त्याच्या तोंडात कोंबली. हंगामातल्या दोनच मॅच राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागं धप धप चालू होतं, आणि मध्येच थांबलं. मी आधी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, आत्ताशी सव्वासहाच झालेत. जाऊन बघितलं तर तो भिंतीला टेकून बसला होता, उजवा हात डाव्या काखेत धरून. बॉल आणि दगडाचा कोपरा ह्यांच्यामध्ये करंगळीशेजारचं बोट सापडलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते वांग्यासारखं सुजत गेलं.

"चल, आदी दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"दवाखान्यात गेलो की क्लबला कळतंय. क्लबला कळलं की कोचला." त्यानं माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत त्याच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच बघितलं. "काकू, शनवारपत्तर तुमी काय बघितलं न्हाई."

काय करायला हवं होतं मी? शहाण्या बाईनं त्याच वेळी त्याचा कान धरून दवाखान्यात नेलं असतं. मी फ्रिजमधला बर्फ आणला, हळद-तुरटीचा लेप लावला आणि गप्प बसले. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ह्यांना न सांगितलेली ती पहिलीच गोष्ट असेल.

शनिवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं मॅचला गेलो. जन्मात पहिल्यांदा. लोक काही फार नव्हते. तो हातमोजे घालून, गोलच्या दोन्ही खांबांना हात लावून उभा राहिला. सगळे बॉलकडं बघत होते आणि मी त्याच्या उजव्या हाताकडं. चार वेळा बॉल आला, चारही वेळा त्यानं धरला. दर वेळी माझ्याच बोटातून कळ गेली. हे म्हणाले, "आगं, माझा हात सोड, नखं लागत्यात."

शेवटची दहा मिनिटं उरली असतील. समोरच्या पोरानं लांबून मारला. हा उजवीकडं झेपावला, अख्खा आडवा झाला, हात पोचलासुद्धा. बॉल बोटांना लागला, बोटं मागं वळली आणि बॉल आत गेला.

तो उठला. कुणावर ओरडला नाही, हाताकडं बघितलं नाही. जाळीतला बॉल काढला आणि डाव्या हातानं मध्यभागी फेकला, लवकर खेळ सुरू व्हावा म्हणून. त्यानंतरही त्यानं दोन गोल वाचवले. पण मॅच एक-शून्यनं गेली. बाहेर पडताना लोक म्हणत होते, हात पोचला होता, अडवायलाच पाहिजे होता. कोचही तेच म्हणाले म्हणे.

सोमवारी एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं. त्यात तार घातली. शेवटच्या मॅचला तिसरं, अठरा वर्षांचं पोरगं खेळलं. मे महिन्यात क्लबनं सांगितलं, करार वाढवत नाही. हातात प्लास्टर, त्यामुळं दुसऱ्या कुठल्या क्लबच्या चाचणीलाही जाता येईना.

मी पेटलेच होते. म्हटलं, "जा आन् कोचला सांग, बोट मोडल्यालं हुतं म्हणून. न्हाईतर मी सांगते."

"नगं, काकू," तो म्हणाला. "बोट माझं हुतं. गोल बी माझाच."

मग मात्र मला राहवलं नाही. मी रडत म्हटलं, "माझंच चुकलं रं. मीच त्या दिवशी बोलले असते तर तुझी ही दशा झाली नसती." मशीन फिरत होतं, तो त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी बोलला असतासा तर मी परत तुमच्या दारात आलो नसतो. नव्वद मिण्टं खेळलोय मी. ती कुणी काढून घेईना आता."

जूनमध्ये तो गेला. दोन बॅगा, गळ्यात अडकवलेला हात. ह्यांनी टेम्पोतून स्वारगेटला सोडला. कोल्हापूरच्या गाडीत बसताना ह्यांच्या पाया पडला, आणि हे घरी येऊन जेवलेच नाहीत. गोठ्याची भिंत पुढच्याच महिन्यात पाडली. आता तिथं दोन खोल्या आहेत आणि आयटीतली दोन पोरं राहतात. सभ्य आहेत, भाडं वेळेवर देतात. मला त्यांची नावंही नीट आठवत नाहीत.

परवा त्याचा फोन आला. दीड वर्ष घरी काढून आता तो पार ईशान्येकडं, डोंगरातल्या कुठल्याशा क्लबात लागलाय.

"बोट कसं हाय?"

"वाकडं ऱ्हायलंय. पण बॉल धरतंय."

"आन् खेळतोस का?"

"न्हाई अजून. हितं मी तिसरा हाय."

तिसरा! इथं दुसरा होता तो तिथं तिसरा झाला. माझा तोल गेला. म्हटलं, "आरं, तिशी उलटली तुझी. किती दिवस बसणार आसा? घरी जा, लगीन कर, पोरांना शिकव, दोन घास सुखाचे खा. काय म्हणून जीव जाळतोस तितं?" बरंच बोलले. मध्ये श्वाससुद्धा घेतला नसेल. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का, काकू?"

"झालं."

"मग ठेवतो. उद्या साडेपाचला सराव हाय. जवळनं शॉट मारणारं कुणीतरी हवं म्हणून हितली दोन्ही गोलकीपर पोरं मला पाचलाच बलवत्यात."