काटकोनबाई आणि बंद दार

भूमिती शिकवता शिकवता केस पिकलेल्या त्या बाईंना अख्खं गाव काटकोनबाई म्हणायचं. वागणं सरळ, बोलणं त्याहून सरळ. पगारासाठी शिक्षकांनी संप पुकारला तेव्हा बाई पुढारी नव्हत्या, पण काढता पाय घेणाऱ्यांतल्याही नव्हत्या.

सरकार आधी हूं की चूं करीना. मग एका सकाळी पोलीस अधिकारी दारात उभा राहिला. बाईंचाच जुना विद्यार्थी.

"बाई, संप बेकायदा ठरवलाय. उद्या कामावर या."

"नाही आले तर?"

तो भिंतीवरच्या, बाईंच्या लेकीच्या फोटोकडे बघत राहिला. "ताई सरकारी दवाखान्यातच नर्स आहेत ना अजून?" एवढं विचारून तो निघून गेला.

"याला पास कशाला केलंस तू?" नवरा म्हणाला. बाई हसल्या, पण दाराला कडी घातली. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, माझ्यापायी माघार घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला आणि चौकातच अडवला गेला. तुरुंग भरलेले, म्हणून शिक्षकांना त्यांच्याच शाळेत कोंडलं. बाई आपल्याच वर्गात मुलांच्या बाकावर अंग चोरून बसल्या. दाराला बाहेरून कडी होती. एकेकाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं यायचं. गेलेला वर्गात परतायचा नाही. थोड्या वेळाने तो मैदानातून खाली मान घालून घरी जाताना खिडकीतून दिसायचा.

बाईंची पाळी आली. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत तोच अधिकारी बसला होता.

"ताई शेजारच्या खोलीत आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "चौकशी चाललीय. तुमच्यावर आहे सगळं."

बाईंनी कान दिला. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. ओरडणं ऐकू आलं असतं तर त्या भांडल्या असत्या.

"उद्या येते मी वर्गावर," त्या म्हणाल्या. "तिला सोड."

"आधी वर्ग होऊ दे, बाई."

संप मोडला. पगार होता तिथेच राहिला. सकाळी बाई वर्गात गेल्या, त्रिकोण काढला, आणि कोनांची बेरीज न सांगताच खडू खाली ठेवला.

संध्याकाळी लेक घरी आली. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. जेवली, ताट धुतलं, अंथरुणावर आडवी झाली. झोपायच्या वेळी बाई खोलीचं दार ओढून घेऊ लागल्या, तशी ती ताडकन उठून बसली.

"लावू नकोस ते," ती म्हणाली.

बाई उंबऱ्यातच बसून राहिल्या.