कासवदादांचा फवारणी पंप

ओढ्यातली कासवं नामशेष होत चालली म्हणून सभेसभेत गळा काढणाऱ्या आपल्या नवऱ्याला लोक ‘कासवदादा’ म्हणायला लागले, तेव्हापासून ते नाव ऐकलं की बायकोच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ‘काठ सोडून फवारा, पंपाचं धुवण पाण्यात सोडू नका,’ असं जगाला सांगणारे हे गृहस्थ स्वतः मात्र कीटकनाशकाचा पंप खुशाल ओढ्यात विसळायचे.

आजही ते पंप पाठीवर घेऊन निघाले, तशी ती म्हणाली, “आपल्या विहिरीवरच धुवा की!”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते पाणी आपण पितो!”

“मग कासवं काय बाटलीतलं पितात?”

कासवदादांनी मान आत ओढून घेतली आणि ओढ्याची वाट धरली. कासवाचा तेवढाच एक गुण त्यांनी उचलला होता.